सूर्य, वारा आणि पाऊस : एका सुलभ उत्तराचें परीक्षण

टीका म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें काव्य, नाटक आणि कादंबरी एवढींच येतात. शास्त्रीय विषयावरील निबंध हाहि टीकेचा विषय होऊं शकतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वास्तविक निसर्गांतील एखाद्या घटनेचें स्पष्टीकरण हीहि एक गद्यरचनाच असते. तिलाहि आरंभ आणि शेवट असतो, तिच्यांतहि कोठें घट्ट तर कोठें सैल असा अन्वय असतो, आणि वाचकाचें समाधान करण्याची तिचीहि एक हातोटी असते. हें समाधान ज्ञानानें झालें कीं नुसत्या शब्दांच्या ओळखीनें झालें, हें पाहणें टीकाकाराच्या अधिकारांत येतें. प्रस्तुत लेखांत अशाच एका स्पष्टीकरणाचें परीक्षण करण्याचें योजिलें आहे. तें आपणां सर्वांस पाठ आहे. वारा कां वाहतो, पाऊस कां पडतो, समुद्रांत प्रवाह कां आहेत, असें कोणींहि विचारलें तरी आपलें उत्तर एकच असतें : सूर्यामुळें.

हें उत्तर खोटें आहे असें कोणी समजूं नये. त्याची परंपरा मोठी आहे. कालिदासानें रघुवंशाच्या पहिल्याच सर्गांत दिलीपाच्या करपद्धतीला सूर्याची उपमा दिली, तींत पृथ्वीवरील पाणी शोषून तें पावसाच्या रूपानें परत देणारा सूर्य गृहीतच धरला आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत यज्ञ, सूर्य, पाऊस आणि अन्न अशी एक सांखळी आहे. तिची पहिली कडी बाजूस ठेवली तर उरलेल्या कड्यांस आजच्या शास्त्राचीहि हरकत असणार नाहीं. आधुनिक मापनांनीं तर या विधानाला आंकड्यांचें बळ दिलें आहे. वातावरणाच्या माथ्यावर, सूर्याच्या समोर धरलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर, सुमारें १३६१ वॅट ऊर्जा येऊन पोंचते. पृथ्वी गोल असल्यामुळें आणि तिच्या अर्ध्या भागावर नेहमींच रात्र असल्यामुळें सरासरीनें याचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारें ३४० वॅट, प्रत्येक चौरस मीटरच्या वांट्याला येतो. त्यांतील शेंकडा तीस भाग ढग, बर्फ, वाळवंटें आणि स्वतः हवा आकाशांत परत धाडतात. उरलेल्या सुमारें २४० वॅटवर आपला सर्व संसार चालतो. पृथ्वीच्या पोटांतून वर येणारी उष्णता याच्या तुलनेनें एका वॅटच्या दहाव्या भागाइतकीहि भरत नाहीं. तेव्हां सूर्य हें मूळ आहे, यांत वाद नाहीं. वाद आहे तो एवढाच, कीं मूळ दाखविलें म्हणजे झाड दाखविलें असें होतें काय ?

कापडाच्या गिरणींत चातीं कशीं फिरतात, असें विचारणाऱ्याला ‘कोळशामुळें’ असें सांगितलें, तर तें असत्य नव्हे. पण तेवढ्यानें त्याला गिरणी कळली असें कोणी म्हणणार नाहीं. आणि समोरचें एक चातें अचानक बंद कां पडलें, असें त्यानें विचारलें, तर ‘कोळशामुळें’ हें उत्तर निरुपयोगीच ठरेल. कारण कोळसा तर तसाच जळत आहे. सूर्याचें उत्तर नेमकें याच जातीचें आहे. तें इतकें व्यापक आहे कीं कशालाहि लागू पडतें. आणि जें कशालाहि लागू पडतें, तें विशिष्ट प्रसंगीं कांहींच सांगत नाहीं.

२

हा दोष शास्त्रज्ञांच्या ध्यानांत फार लवकर आला. एडमंड हॅले हें नांव आपल्या वाचकांस धूमकेतूमुळें परिचित आहे. पण त्या धूमकेतूची कीर्ति होण्याच्या पुष्कळ आधीं, १६८६ सालीं, वयाच्या तिशीच्या सुमारास, त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीच्या पत्रिकेंत व्यापारी वारे आणि मोसमी वारे यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. सेंट हेलिना बेटावर राहून त्यानें दक्षिणेकडील आकाशाचें निरीक्षण केलें होतें. त्या प्रवासाचा अनुभव आणि खलाशांनीं दिलेली माहिती यांचा उपयोग करून त्यानें निबंधासोबत वाऱ्यांचा एक नकाशा दिला. आपल्या अरबी समुद्रावर सहा महिने एका दिशेनें आणि सहा महिने उलट दिशेनें वाहणाऱ्या वाऱ्यांचाहि त्यांत समावेश होता. रचनेच्या दृष्टीनें हा निबंध आदर्श म्हणावा असा आहे. आधीं वस्तुस्थिति, मग प्रश्न, मग उपपत्ति, असा त्याचा क्रम आहे. आणि आपल्या उपपत्तीनें कोणत्या गोष्टींचा उलगडा होणें जरूर आहे, हें लेखक आधींच सांगून टाकतो. स्वतःच्या परीक्षेचे प्रश्न स्वतःच काढणारे लेखक थोडे.

हॅलेची उपपत्ति अशी : सूर्याच्या उष्णतेनें हवा विरळ होऊन वर चढते आणि तिची जागा भरण्यास भोंवतालची जड हवा धांवते. येथपर्यंत ठीक. परंतु व्यापारी वारे पूर्वेकडून कां येतात, याचें उत्तर देतांना मात्र तो म्हणतो कीं, सूर्य रोज पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो, म्हणून हवाहि त्याच्या मागोमाग पश्चिमेस ओढली जाते. येथें उत्तराच्या सुलभपणानें लेखकाला भुलविलें. सूर्याच्या पुढची हवाहि सूर्याकडे ओढली जाईलच. मग दोन्ही बाजूंच्या ओढींचा हिशेब फिटून बाकी काय उरणार?

हा आक्षेप जॉर्ज हॅडले यानें १७३५ सालीं त्याच पत्रिकेंत घेतला. हॅडले हा व्यवसायानें वकील. त्याचा निबंध अगदीं आटोपशीर आहे. पण वकिलानें साक्षीदाराची उलटतपासणी करावी तसा तो पुढें जातो. त्यानें हॅलेच्या सूर्याला हात लावला नाहीं. सूर्याशेजारीं दुसरें एक कारण आणून बसविलें, तें म्हणजे पृथ्वीचें स्वतःभोंवतीं फिरणें. विषुववृत्तावरील भूमि ताशी सुमारें १६७० किलोमीटर वेगानें पूर्वेकडे जात असते. ३० अक्षांशावरील भूमीचा हाच वेग सुमारें १४५० किलोमीटर असतो. तेथून विषुववृत्ताकडे निघालेली हवा आपला मंद वेग बरोबर घेऊन येते, म्हणून वेगानें धांवणाऱ्या भूमीच्या ती मागें पडते, आणि आपल्याला तो वारा पूर्वेकडून आल्यासारखा वाटतो. वाटेंत जमिनीचें व समुद्राचें घर्षण तिला बरेंचसें सांवरून घेतें. नाहींतर हे वारे प्रलयंकर ठरले असते. याहूनहि मोठी गोष्ट अशी, कीं हॅडलेनें आपल्या उपपत्तीचा एक निष्कर्ष स्वतःच काढून दाखविला : पूर्वेकडून येणारे वारे पृथ्वीला तिच्या गतीविरुद्ध घासत असतील, तर पृथ्वीवर अन्यत्र कोठेंतरी पश्चिमेकडून येणारे वारे असलेच पाहिजेत, तसें नसेल तर पृथ्वीची गति मंदावत जाईल. आणि तसे वारे मध्य अक्षांशांत आहेतहि.

पुढच्या काळानें हॅडलेच्याहि चुका काढल्या. फिरत्या गोलावर जी राशि कायम राहते ती हॅडलेनें धरलेली साधी गति नव्हे, तर आंसापासूनचें अंतर हिशेबांत घेणारी कोनीय गति होय. आणि विषुववृत्तावर चढलेली हवा थेट ध्रुवापर्यंत न जातां तिशीच्या अक्षांशांच्या आसपासच खालीं उतरते. विल्यम फेरेल यानें १८५६ पासून लिहिलेल्या लेखांत या गणिताची घडी बसविण्यास आरंभ केला. मध्य अक्षांशांतील उष्णतेची ने-आण फिरत्या वादळांकडून होते, हें तर विसाव्या शतकांत स्पष्ट झालें. पण चुका निघाल्या म्हणून हॅडलेचा निबंध जुना झाला नाहीं. ज्या लेखांत चूक कोठें आहे हें दाखवितां येतें, तोच लेख पुढील ज्ञानाला उपयोगी पडतो. ‘सर्व सूर्यामुळें’ या विधानांत चूक दाखवितां येत नाहीं. आणि तोच त्याचा मोठा दोष आहे.

३

आतां आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळूं. नैऋत्य मोसमी पावसाचें कारण आपल्या शाळांतून असें शिकविण्याचा प्रघात आहे : उन्हाळ्यांत जमीन लवकर तापते, समुद्र उशिरां तापतो, जमिनीवरील हवा हलकी होऊन वर जाते, समुद्रावरील दमट हवा तिची जागा घेण्यास येते आणि पाऊस पडतो. म्हणजे मोसमी वारा हा एक प्रचंड सागरी वारा, रोज दुपारीं मुंबईच्या चौपाटीवर येणाऱ्या वाऱ्याची विराट आवृत्ति. हें स्पष्टीकरण मुळांत हॅलेचेंच. तीनशेंहून अधिक वर्षें तें टिकलें, याचें श्रेय त्याच्या सत्यतेपेक्षां त्याच्या सुबोधतेलाच अधिक दिलें पाहिजे.

त्यावर पहिला जोरदार घाव जॉर्ज क्लार्क सिम्प्सन यांनीं घातला. हे गृहस्थ हिंदुस्थानच्या हवामान खात्यांत होते, कॅप्टन स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेंत ते हवामानशास्त्रज्ञ म्हणून गेले होते, आणि पुढें इंग्लंडच्या हवामान खात्याचे ते प्रमुख झाले. १९२१ सालीं नैऋत्य मोसमी वाऱ्यावर लिहिलेल्या निबंधांत त्यांनीं तीन साध्या गोष्टी पुढें मांडल्या. पहिली : जमीन सर्वांत अधिक तापलेली असते ती पावसाच्या आधीं, मे महिन्यांत, ऐन पावसाळ्यांत ती बरीच थंड झालेली असते. दुसरी : सर्वांत अधिक तापतो तो हिंदुस्थानचा वायव्य भाग, आणि तेथेंच पाऊस सर्वांत कमी. तिसरी : ज्या वर्षीं पाऊस ओढ देतो, त्या वर्षीं जमीन अधिक तापते. जमिनीचें तापणें हेंच जर पावसाचें कारण, तर जास्त तापलेल्या वर्षीं जास्त पाऊस पडावयास हवा होता. घडतें तें याच्या उलट.

या तीन गोष्टींसाठीं प्रयोगशाळा लागत नाहीं. पुण्याचें कमाल तापमान एप्रिल-मे महिन्यांत सरासरीनें ३७-३८ अंश सेल्सिअस असतें, जुलैंत तें २८ च्या आसपास येतें. जमीन दहा अंशांनीं निवली, तरी जो वारा तिच्या तापण्यामुळें येतो म्हणून सांगतात, तो जुलैंत ऐन भरांत असतो. पावसानें दडी मारली कीं पुन्हां उकाडा होतो, हा अनुभव तर मराठवाड्यांतील कोणताहि शेतकरी सांगेल. जमिनीचें तापणें हें पाऊस न पडल्याचें लक्षण आहे, तें आपण पाऊस पडण्याचें कारण म्हणून मुलांस शिकवितों ! अनुभव आणि पाठ्यपुस्तक यांत विरोध आला असतां आपण मुलांस अनुभव विसरावयास शिकवितों, ही गोष्ट निबंधांतील एखाद्या चुकीपेक्षां अधिक गंभीर आहे.

मग आजची उपपत्ति कोणती ? विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीभोंवतीं ढगांचा व पावसाचा एक पट्टा असतो. दोन्ही गोलार्धांतील व्यापारी वारे तेथें येऊन मिळतात. सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनाबरोबर हा पट्टा वर-खालीं सरकतो. पण महासागरांवर तो बेताबातानेंच सरकतो. हिंदी महासागराच्या उत्तरेस मात्र समुद्र संपून आशियाची भूमि लागते. येथें तो पट्टा उन्हाळ्यांत विषुववृत्त सोडून थेट गंगेच्या खोऱ्यापर्यंत चढतो. आपला पावसाळा म्हणजे या पट्ट्याचें आपल्या भूमीवर झालेलें आगमन. हा विचार सुलोचना गाडगीळ यांनीं २००३ सालच्या आपल्या विस्तृत निबंधांत साधार मांडला, आणि सिम्प्सन यांच्या आक्षेपांना त्यांनीं योग्य तें महत्त्व दिलें. संगणकावरील प्रतिकृतींत जमीन काढून तेथें पाणी घातलें तरी कांहीं परिस्थितींत मोसमी पर्जन्यासारखा प्रकार उत्पन्न होतो, असेंहि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून झालेल्या कामांत आढळून आलें. म्हणजे जमिनीच्या तापण्याला या नाटकांत भूमिका आहे; पण ती नायकाची नव्हे, सूत्रधाराची. नांदी झाली कीं तिचें काम बहुतेक संपतें.

नायकाचें काम करते ती वाफ. एक किलोग्रॅम पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापविण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या पांचपटींहून अधिक उष्णता त्याची वाफ करण्यांत खर्च होते. पृथ्वीच्या पृष्ठभागानें शोषलेल्या उन्हापैकीं जवळजवळ निम्मा भाग या एकाच कामीं जातो. ही उष्णता नाहींशी होत नाहीं. ती वाफेंत गुप्त रूपानें राहते, आणि वाफेचें पुन्हां पाणी होतांना तेवढीच्या तेवढी हवेला परत मिळते. हा व्यवहार हुंडीसारखा आहे. दक्षिण हिंदी महासागरावर सूर्यानें जी रक्कम भरली, तिची हुंडी घेऊन वारा विषुववृत्त ओलांडतो, आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत वळतो, अरबी समुद्र पार करतो, आणि ती हुंडी सह्याद्रीच्या माथ्यावर वटवितो. वाटेंत दीडएक किलोमीटर उंचीवर हा वारा किती जोरानें वाहतो, हें फिंडलेटर यांनीं १९६९ सालीं दाखवून दिलें. हुंडी वटली कीं मोकळ्या झालेल्या उष्णतेनें हवा आणखी वर चढते, आणि मागून आणखी दमट हवा ओढून घेते. म्हणून पाऊस हा वाऱ्याचा परिणाम आहे तसाच तो वाऱ्याचें कारणहि आहे. हें कार्यकारणाचें चक्र सरळ रेषेंत सांगतां येत नाहीं, आणि म्हणूनच पाठ्यपुस्तकाच्या चार ओळींत तें मावत नाहीं. हिमालयाचा उपयोगहि आपण समजतों तेवढाच नाहीं. ढगांना अडविणारी भिंत म्हणून आपण त्याचें वर्णन करतों. परंतु उत्तरेकडील कोरडी, थंड हवा या दमट हवेंत मिसळूं न देणारी भिंत म्हणून त्याचें महत्त्व अधिक आहे, असें बूस आणि कुआंग यांनीं २०१० सालीं प्रतिपादन केलें.

आतां सुलभ उत्तराची खरी कसोटी पाहूं. १९९७ सालीं प्रशांत महासागरांत विसाव्या शतकांतील अत्यंत प्रबळ अशा एल निनोंपैकीं एक उद्भवला. एल निनो आला कीं आपल्याकडे पाऊस बहुधा कमी पडतो, म्हणून सर्वांनीं धास्ती घेतली. पण पाऊस सरासरीहून किंचित् अधिकच झाला. २००२ सालीं एल निनो त्यामानानें सौम्य होता. तरी पाऊस सरासरीपेक्षां शेंकडा १९ नें घटला, आणि जुलै महिन्यांत तर तो जवळजवळ निम्माच झाला. दोन्ही वर्षीं सूर्य तोच होता. उत्तरायण त्याच तिथीला संपलें. जें दोन्ही वर्षीं समान होतें, तें दोहोंतील भेदाचें कारण होऊं शकत नाहीं, हें तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यांत शिकवितात. या भेदाचा शोध प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील उष्णतेच्या व ढगांच्या वांटणींतच करावा लागला, आणि त्यांतूनच हिंदी महासागराच्या स्वतःच्या आंदोलनाकडे शास्त्रज्ञांचें लक्ष गेलें.

४

समुद्राच्या प्रवाहांविषयींहि आपलें उत्तर तेंच असतें, आणि तेथें तर तें अधिकच अपुरें पडतें. चुलीवर पातेलें ठेवलें कीं जाळ खालून लागतो; तळचें पाणी तापून वर येतें, वरचें खालीं जातें, आणि सारें पाणी घुसळून निघतें. हवेची स्थिति बरीचशी अशीच आहे. कारण येणाऱ्या उन्हापैकीं जवळजवळ निम्मा भाग हवेंतून आरपार जाऊन जमीन व समुद्र यांस तापवितो, आणि त्यांच्याकडून हवेला खालून शेक बसतो. समुद्राचें तसें नाहीं. समुद्र म्हणजे चुलीवरचें पातेलें नव्हे. ज्याच्या झांकणावर निखारे ठेवले आहेत असें तें भांडें आहे. वरचें पाणी तापतें, हलकें होतें, आणि वरच राहतें. अशा भांड्यांत पाणी आपोआप घुसळलें जाणार नाहीं. उष्णता वरून लागत असेल तर केवळ तिच्या जोरावर जोराचें अभिसरण चालूं शकत नाहीं, हें तत्त्व स्वीडनच्या सँडस्ट्रॉम यांनीं १९०८ सालीं मांडलें.

समुद्राच्या तळाशीं थंड पाणी आहे, ही गोष्ट मात्र फार पूर्वीं कळली होती. १७५१ सालीं हेन्री एलिस या कप्तानानें आफ्रिकेच्या पश्चिमेस, उष्ण कटिबंधाच्या सीमेजवळ, खोल सोडलेल्या बादलींतून पाणी वर काढलें, तों तें थंडगार निघालें. त्या पाण्याचा उपयोग त्यानें स्नानासाठीं आणि मद्य गार करण्यासाठीं केला. हें जहाज गुलामांच्या व्यापारांतील होतें, हेंहि येथें सांगणें अवश्य आहे. ज्ञानाच्या इतिहासांतील असे प्रसंग निर्मळ नसतात. इतकें थंड पाणी त्या प्रखर उन्हाच्या देशांत तयार होणें शक्य नाहीं. तें ध्रुवांकडून तळातळानें आलेलें असलें पाहिजे, असा तर्क काउंट रम्फर्ड यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस केला, आणि तो खरा ठरला. मग प्रवाहांना चालना कोण देतो, यावर १८७० नंतरच्या दशकांत कार्पेंटर आणि क्रोल यांच्यांत मोठा वाद माजला. थंडीनें जड झालेलें पाणी बुडतें म्हणून प्रवाह चालतात, असें कार्पेंटर म्हणत. वारा पाण्याला ढकलतो म्हणून चालतात, असें क्रोल म्हणत. कार्पेंटर हे नामांकित विद्वान्, आणि क्रोल हे ग्लासगोच्या एका कॉलेजांत रखवालदारी करतां करतां शास्त्र शिकलेले. पण वादांत कोणाचा सर्वस्वी पराभव झाला नाहीं. पृष्ठभागावरचे मोठे प्रवाह मुख्यतः वाऱ्याचे. खोल पाण्याचा बुडण्याचा भाग थंडीचा आणि क्षारतेचा.

परंतु बुडालेलें पाणी पुन्हां वर कसें येतें ? तें वर न येईल तर तळ थंड पाण्यानें भरून सारा व्यवहार थांबेल. वर येण्यासाठीं त्यांत वरची उष्णता मिसळली पाहिजे, आणि तें मिसळण्यास कोणीतरी ढवळलें पाहिजे. मंक आणि वुन्श यांनीं १९९८ सालीं हिशेब मांडला, त्यांत या ढवळण्याच्या कामाचा जवळजवळ निम्मा वांटा भरती-ओहोटीकडे, म्हणजे मुख्यतः चंद्राकडे गेला, उरलेला वाऱ्याकडे. नंतरच्या संशोधकांनीं दक्षिण महासागरावरील वाऱ्यांना याहूनहि मोठा वांटा दिला. कसेंहि असो, सूर्याच्या एकछत्री राज्यांत चंद्राची एक जहागीर निघाली, ही गोष्ट ‘सर्व सूर्यामुळें’ म्हणणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आपल्या अरबी समुद्राचें उदाहरण तर फारच बोलकें आहे. मे महिन्यांत त्याचा पृष्ठभाग ३० अंशांच्या आसपास तापलेला असतो. पुढें जून-जुलैंत सूर्य उत्तरेकडेच असतो. तरीहि मध्य अरबी समुद्र दोन-तीन अंशांनीं निवतो. मोसमी वारा पाणी घुसळतो, बाष्पीभवन वाढवितो, ढगांचें छत धरतो, आणि सोमालिया व ओमान यांच्या किनाऱ्यांजवळ खालचें थंड पाणी वर ओढून काढतो. सोमालियाच्या किनाऱ्याचा प्रवाह वाऱ्याबरोबर आपली दिशाहि उलटी करतो. उन्हाळ्यांत समुद्र थंड होतो, तो सूर्यानेंच चालविलेल्या वाऱ्याकडून ! मूळ एकच असूनहि फळ असें उलट येऊं शकतें. म्हणूनच मधल्या कड्या सांगितल्यावांचून मूळ सांगण्यास अर्थ नाहीं.

५

येथपर्यंतचें परीक्षण वाचून कोणी म्हणेल कीं, हा विद्वानांचा वाद झाला. सामान्य माणसानें ‘सूर्यामुळें’ एवढें म्हटलें तर बिघडलें कोठें? बिघडतें तें कोठें, हें इतिहासानें दाखवून दिलें आहे.

१८७६ ते १८७८ या काळांत दख्खन व मद्रास प्रांत भयंकर दुष्काळानें होरपळून निघाले. त्यांतच, १८७७ सालीं, नॉर्मन लॉकियर आणि विल्यम हंटर यांनीं एका इंग्रजी मासिकांत सूर्यावरील डाग आणि दुष्काळ यांचा संबंध जोडणारा लेख लिहिला. लॉकियर हे ‘नेचर’ या प्रसिद्ध पत्राचे संस्थापक संपादक, आणि हंटर हे हिंदुस्थान सरकारच्या आंकडेखात्याचे प्रमुख. सूर्यावरील डाग सुमारें अकरा वर्षांच्या चक्रानें वाढतात व घटतात. डाग घटले कीं मद्रासचा पाऊस घटतो आणि दुष्काळ येतो, असा त्यांचा आशय होता. लेख वाचनीय होता. आकाशांतील डाग आणि भूमीवरील भूक यांची अशी सांगड पाहून कोणाचेंहि मन चकित व्हावें. पण त्याच वर्षीं रिचर्ड स्ट्रॅची यांनीं रॉयल सोसायटीपुढें मद्रासच्या आंकड्यांची फेरतपासणी करून या संबंधाला आधार नाहीं असें दाखविलें. पुढें गिल्बर्ट वॉकर यांनींहि, हवामान खात्याचे प्रमुख असतांना, डाग आणि पाऊस यांचे आंकडे ताडून पाहिले. त्यांस हा संबंध दुबळा आढळला. वॉकर यांनीं आपलें लक्ष निरनिराळ्या महासागरांवरील वायुभाराकडे वळविलें, आणि त्यांतून दक्षिणी आंदोलनाचा महत्त्वाचा शोध लागला. एल निनोशीं या आंदोलनाचा जो संबंध आहे, तो बियर्कनेस यांनीं १९६९ सालीं उलगडला. सुलभ उत्तर बाजूस सारल्यावांचून ही वाट सांपडली नसती.

परंतु माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. दुष्काळाचें कारण सूर्याच्या डागांत सांपडलें, कीं त्यासाठीं पृथ्वीवर कोणालाहि जाब विचारावयास नको. त्याच दिवसांत या देशांतून परदेशीं धान्य जात होतें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्या वेळीं गांवोगांवची माहिती गोळा करून दुष्काळाचीं निवेदनें सरकारला सादर केलीं. त्या निवेदनांची भाषा लॉकियर-हंटर यांच्या लेखाइतकी मनोहर नसेल. पण कारणमीमांसा म्हणून त्यांचा दर्जा मला वरचा वाटतो. पाऊस कां पडला नाहीं, हा एक प्रश्न. माणसें कां मेलीं, हा दुसरा. दोहोंना एकच उत्तर देणें यांत शास्त्रहि नाहीं आणि न्यायहि नाहीं.

हा प्रकार आजहि संपलेला नाहीं. पृथ्वी तापत आहे. २०२४ हें वर्ष मापन सुरू झाल्यापासून सर्वांत उष्ण ठरलें. यावर ‘सूर्यच तापत असेल’ असें म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ आपल्या दिवाणखान्यांतून भेटतात. १९७८ पासून कृत्रिम उपग्रह सूर्याच्या तेजाचें सतत मापन करीत आहेत. अकरा वर्षांच्या चक्रांत तें तेज सुमारें एक हजारांश इतकें कमी-अधिक होतें. या साऱ्या काळांत त्यांत टिकाऊ अशी वाढ झालेली नाहीं. तसेंच सूर्य अधिक तापला असता तर वरचें वातावरणहि तापलें असतें. प्रत्यक्षांत खालची हवा तापत आहे आणि वरचा थर निवत आहे. हवेंतील कार्बन डायऑक्साइडचें प्रमाण कारखानदारीपूर्वीं दहा लाख भागांत सुमारें २८० होतें, तें आतां ४२० च्या पुढें गेलें आहे, आणि वरच्या-खालच्या थरांतील हा भेद त्याच वाढीची खूण आहे. येथेंहि ‘सूर्यामुळें’ हें उत्तर १८७७ सालचेंच काम करतें : तें जबाबदारी आकाशांत नेऊन ठेवतें.

६

या परीक्षणांतून कारणमीमांसेच्या तीन कसोट्या हातीं लागतात. कार्य बदलत असतां कारण स्थिर राहतें काय, हें पहिल्यानें पाहावें. स्थिर राहत असेल तर तें मूळ असेल, कारण नव्हे. कारणापासून कार्यापर्यंतची वाट लेखकानें सांगितली आहे काय, हें दुसरें. आणि कोणती गोष्ट घडली असतां आपली उपपत्ति खोटी ठरेल, हें सांगण्याचा प्रामाणिकपणा त्यानें दाखविला आहे काय, हें तिसरें. हॅले पहिल्या दोन कसोट्यांस निम्मा उतरतो आणि तिसरीस पुरा. हॅडले तिन्हींस बऱ्याच अंशीं उतरतो. सिम्प्सन यांचें कार्य तिसऱ्या कसोटीचाच पाठ आहे. आपलीं पाठ्यपुस्तकें मात्र पहिल्याच कसोटीला अडखळतात.

मराठींत शास्त्रीय लेखन सोपें असावें, अशी मागणी आपण वारंवार करतों. ती योग्यच आहे. पण सोपें करणें याचा अर्थ मधल्या कड्या गाळणें असा होऊन बसला आहे. पोथीचा अर्थ सांगणारा पुराणिक कठीण श्लोक गाळून पुढें गेला तर श्रोते त्यास सोडीत नाहींत. मुलांस पाऊस शिकविणारें पुस्तक वाफेची हुंडी गाळून पुढें जातें, त्यास मात्र आपण सुबोध म्हणतों. हुंडी, चूल, झांकणावरचे निखारे हे शब्द आपल्या घरांत आहेत; गुप्त उष्णता आणि समुद्राचें अभिसरण समजावून देण्यास ते पुरेसे आहेत. उणीव आहे ती लेखकाच्या धीराची. ज्या देशांत कोट्यवधि लोकांचा वर्षाचा हिशेब चार महिन्यांच्या पावसावर अवलंबून आहे, तेथें पावसाविषयींचें अर्धवट उत्तर शिकविणें हा लहान प्रमाद नव्हे. सूर्याला नमस्कार करावा. तो त्याचा अधिकार आहे. परंतु पाऊस कां आला नाहीं असें मुलानें विचारलें, तर त्याचें बोट सूर्याकडे न वळवितां वाऱ्याची, वाफेची आणि समुद्राची वाट त्याला पायरीपायरीनें दाखविणें, हें आपलें कर्तव्य आहे.